लाकडी बैलाचा शेवट

ही हकीकत मी वर्षानुवर्षं टाळली. लोक विचारायचे, "गुरुजी, तो शेवट सुचला कसा?" मी नुसता हसायचो. आता ऐंशी ओलांडली, लिहून टाकतो.

"टाइप संपला, गुरुजी." लकडगंजातल्या त्या छापखान्यात पाऊल ठेवलं की हेच कानी पडायचं. म्हणणारे तिथले जुळारी; ते छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे, म्हणजे टाइप, जुळवायचे. घराणं विणकरांचं, बोटंही तशीच चपळ. उलट्या खिळ्यांची ओळ तुम्ही-आम्ही वर्तमानपत्र वाचावं तशी वाचायचे. माझा ताप तोच होता, की ते वाचायचे. माझं एखादं वाक्य पटलं नाही की हात थांबायचा आणि टाइप संपायचा. मी चरफडत दुसरं वाक्य लिहून द्यायचो, त्याला मात्र टाइप पुरायचा. एकदा मी स्वतः खण उपसून पाहिले. खिळे भरपूर होते.

"झिजलेले आहेत जी ते," म्हणाले, आणि न पेटवलेली विडी कानावर ठेवली.

त्या वर्षी मी मुलांसाठी लाकडी बैलाची गोष्ट नव्यानं लिहिली. तुम्हीही ऐकली असेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुलं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. त्यातल्या एका मुलाचा बैल दिवसभरापुरता जिवंत होतो, ती. मी पडलो मास्तर. मी तिला बोध जोडला. मुलगा खोटं बोलतो, म्हणून बैल कायमचा लाकूड होतो.

तीन दिवस शेवटचं पान जुळेना.

"पोट्टा खोटं बोलला, तं बैलाचं काय चुकलं जी?"

"तुम्ही खिळे जुळवा. गोष्ट माझी आहे."

"गोष्ट तं सगळ्यायची आहे," ते म्हणाले, आणि कामाला लागले. मला वाटलं, जिंकलो.

पुस्तक बांधून आलं तर शेवट भलताच. बैल लाकडाचा झाला, पण मुलानं त्याच्या नाकापाशी हात धरला तेव्हा हाताला ऊब लागली. बस्स. बोध गायब.

मी सगळ्यांदेखत मालकाला सांगितलं, हे इथे असतील तर शाळेचं एकही काम यापुढे येणार नाही. शाळेचं काम मोठं होतं. त्याच संध्याकाळी त्यांना काढलं. चुकीच्या खणात पडलेले खिळे त्यांनी जागच्या जागी ठेवले, मग गेले.

पुढच्या तान्ह्या पोळ्याला शाळेच्या अंगणात मुलं आपापल्या बैलाच्या नाकापाशी हात धरून बसली होती. कुणी म्हणे ऊब लागली, कुणी म्हणे थांब जरा. पुस्तकाचं कौतुक झालं. दुसरी आवृत्ती निघाली. शेवट तोच, नाव माझं.

काही वर्षांनी ते बाजारात रस्त्याकडेला दिसले. लाकडी बैल विकत होते, एकेकाचे डोळे रंगवत होते. त्यांना पुन्हा कुठल्याच छापखान्यानं घेतलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

"गुरुजी, दुसऱ्या छपाईत कोणता शेवट ठेवला जी?"

"तोच."

"मंग टाइप पुरला म्हणा." ते हसले. एक ओला बैल माझ्या हाती दिला. "धरून ठेवा, रंग वाळेपर्यंत."

मी धरून उभा राहिलो. रंग वाळला. तेवढा वेळ होता माझ्यापाशी.

पुढच्या पोळ्याला ती जागा रिकामी होती. शेजारचा दुकानदार म्हणाला, उन्हाळ्यातच वारले.

तो बैल माझ्या टेबलावर आहे. त्याच्यापाशी रोज म्हणतो ते त्या दिवशी म्हणायला हवं होतं. शेवट तुमचा होता. तुमचं काम मी घालवलं. बैलाचं काही चुकलं नव्हतं, तुमचंही नाही. माझं चुकलं जी.