कुत्रीनं काढलेली वाट

विश्रामगृहाच्या मुकादमानं माझ्या कुत्रीला फसवलं. मला फसवलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. शेळ्यांच्या बाजारात माझं आयुष्य गेलं. तिथे मला चार जणांनी फसवलं, आणि मी किती जणांना, ते सांगायची मला गरज वाटत नाही. तो तोंड असलेल्या माणसांचा आपापसातला मामला आहे. मुक्या जनावराच्या नावानं सौदा करायचा आणि तो मोडायचा ही वेगळी गोष्ट. ती करणारा माणूस आज पारनेरात पारावर बसून लोकांना शहाणपण शिकवतो, म्हणून हे लिहावं लागतं.

मी पण पारनेर तालुक्यातलाच. आमच्याकडे पाऊस जेमतेम, बाभळीच्या शेंगांवर शेळ्या जगायच्या. दुसऱ्याच्या शेळ्या वळता वळता मी एक स्वतःची केली, एकीच्या चार केल्या, आणि पंचविशीत बाजारात माझ्या शब्दाला वजन आलं. वडिलांनी मला फक्त आवाज दिला. बाकी सगळं मी केलं. बहात्तरच्या दुष्काळाच्या दोनेक वर्षं आधी मी भंडारदऱ्याच्या खालच्या अंगाला एक खोली घेतली आणि बायकोला तिकडे नेलं. डोंगरातल्या वाड्यांवर फिरून शेळ्या घ्यायच्या आणि देशावर आणून विकायच्या, असा धंदा.

कुत्री मला अशाच एका वाडीवर मिळाली. एका म्हातारीशी गाभण शेळीचा भाव दोन तास चालला होता. भाव ठरल्यावर मी सवयीनं म्हणालो, मावशी, वर काहीतरी द्या. सौद्यावर काहीतरी वर मागून घेतल्याशिवाय मी कधी उठलो नाही. एखादी दोरी, मूठभर नाचणी, काहीही. म्हातारी आत गेली आणि तिनं एक पिल्लू आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

"घ्या दादा, हे वर," ती म्हणाली. "आता परत मागू नका, न्हाईतर दुसरं पन देईन."

ओट्यावर बसलेले सगळे हसले. खाणारं एक तोंड माझ्या गळ्यात पडलं होतं आणि मागितलं मीच होतं. त्या दिवशी मला वाटलं, मी फसलो. तसं वाटणं हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चुकीचा हिशेब.

तिचा रंग वाळलेल्या गवतासारखा, एक कान उभा आणि एक पडलेला. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते जिथे लिहायचं ठरलं होतं तिथे अजून लिहिलेलं नाही. इथे फुकट का वाचायला द्यावं?

वर्षाची झाली तोवर ती माझ्या पुढे चालायला लागली होती. मी बरीच मोठाली कुत्री बघितली आहेत. ती धावत जातात, परत येतात, पायात घुटमळतात. ही तसं करायची नाही. दहा पावलं पुढे, वळणावर थांबायची, मान वळवून बघायची, मी दिसलो की पुढे. घसरडा दगड आला की आधी पुढचा एक पाय टेकवायची, त्यावर भार द्यायची, मग दुसरा. दगड हलला तर बाजूला व्हायची आणि मी पोचेपर्यंत तिथेच उभी राहायची. अशा दगडावर तिनं मला कधी पाय ठेवू दिला नाही. पाणी प्यायची ते वाहतं. मी तिच्यामागून प्यायला लागलो, आणि डोंगरात माझं पोट कधी बिघडलं नाही.

बाजाराचा दुसरा दिवस रिकामा असायचा. आधी मी तो झोपून घालवायचो. कुत्री आल्यावर आम्ही दोघं निघायला लागलो. विकत घ्यायचं काही नाही, विकायचं काही नाही, नुसतं चालायचं. धरणाच्या भिंतीवरून पलीकडे, पाण्याच्या कडेकडेनं भाताच्या खाचरांतून, कारवीच्या रानातून वर. भाद्रपदात पठारं सोनकीनं पिवळी व्हायची आणि त्या पिवळ्यात तिची पाठ तेवढी दिसायची. धबधब्याखाली उभी राहून ती अंग झाडायची ते मुद्दाम माझ्याजवळ येऊन. मी शिव्या द्यायचो. माझ्या शिव्यांना माणसं घाबरत, ती जांभई द्यायची.

लोक विचारायचे, शेठ, शेळी न घेता डोंगर कशाला चढता? त्यांना मी काहीतरी खोटं सांगायचो. बायकोला खोटं चालायचं नाही. ती म्हणायची, "माझ्यासंगं जत्रंला यायचं म्हटलं की गुडघं दुखत्यात. कुत्रीमागं डोंगर चढताना बरं दुखत न्हाईत." पण निघताना भाकरी तीन बांधायची. दोन माझ्या आणि एक तिची.

त्यानंतरच्या पावसाळ्यात दरड कोसळली आणि धरणावरच्या विश्रामगृहाच्या मागून पठारावर जाणारी जुनी वाट गेली. वरच्या वाडीच्या लोकांना अर्ध्या दिवसाचा वळसा पडू लागला. मलाही पडला. वाडीतल्या जाणत्या माणसांनी दुसरी वाट शोधली, दोन-तीन ठिकाणी चढून बघितलं आणि सोडून दिलं. कडा सरळ, आणि कारवी अशी दाट की आत हात घातला तर हात दिसत नाही.

आश्विनातल्या एका सकाळी आम्ही कड्याखालून चाललो होतो. धुकं होतं. कुत्री वळणावर थांबली, पण माझ्याकडे न बघता कारवीत शिरली. मी हाक मारली. आली नाही. पुन्हा मारली. माझा राग तुम्हाला ठाऊक नाही, गावाला ठाऊक आहे. मी तिच्या आईपासून सुरुवात केली आणि एक खडाही भिरकावला. तिनं कारवीतून तोंड बाहेर काढलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा आत गेली. तिचं बघणं असं होतं की आपणच चुकलो असं वाटावं. मी वाकून तिच्यामागे शिरलो.

आत कड्याला लागून एक पट्टी होती, बैलगाडीच्या जुवाएवढी रुंद. बाहेरून ती कारवीनं झाकलेली. पुढे एक झरा, झऱ्यापलीकडे हिरड्याचं झाड, झाडाच्या मुळांवरून पाय देत देत वर, मग दगडांच्या पायऱ्या असाव्यात तशी चढण. ती दहा पावलं पुढे, मी मागे. एका ठिकाणी मी पोटावर सरपटलो आणि पुढच्याच क्षणी डोकं उजेडात आलं. पठार. धुकं खाली राहिलं होतं. ते फाटलं तसं धरणाचं सगळं पाणी दिसलं, टोकापासून टोकापर्यंत, आणि पलीकडे डोंगरामागे डोंगर. मी इतके दिवस त्या भागात हिंडत होतो, पण सगळं पाणी एका नजरेत कधी आलं नव्हतं. कुत्री कड्यापासून दोन हात मागे बसली होती आणि वारा तिचा उभा कान पाडत होता.

मी रडलो वगैरे नाही. पण मला जे वाटलं ते मी माझ्या पोरांच्या लग्नातही अनुभवलं नाही. जाणत्या माणसांनी सोडून दिलेली वाट माझ्या कुत्रीनं काढली होती.

योगायोग असेल म्हणून मी आणखी दोनदा नेली. दोन्ही वेळा तीच पट्टी, तोच झरा, तेच झाड. मग वरच्या वाडीचे लोक त्या वाटेनं ये-जा करायला लागले आणि आपोआप तिला कुत्रीच्या नावानं ओळखू लागले. डोंगरात रीतच तशी आहे. वाट ज्यानं काढली, त्याचं नाव तिला. एका घाटाला बैलाचं नाव आहे, एका चढाला कुणा सुईणीचं. त्यात लाजण्यासारखं कुणाला काही वाटत नाही.

आता मुकादम. विश्रामगृहाची बाग त्याच्याकडे होती. मुंबई-पुण्याची माणसं मोटारी घेऊन यायची, गुलाबाच्या वाफ्यांतून फिरायची आणि विचारायची, वरून तलाव दिसतो ती जागा कुठली? जुनी वाट गेल्यापासून मुकादमाकडे उत्तर नव्हतं. त्याच्या कानावर आमची वाट गेली, आणि तो मला शोधत बाजारात आला. चहा पाजला. वाट दाखवायची मजुरी देऊ केली. मी म्हणालो, मजुरी मला नको, वाट माझी नाही. जिची आहे तिच्यासाठी मागतो. वाटेच्या तोंडाशी फळा लावायचा, त्यावर तिचं नाव लिहायचं. आणि तुमच्या बागेतून तिला जा-ये मोकळी ठेवायची, कारण वाट बागेच्या मागच्या फाटकातून सुरू होते.

तो हसला. म्हणाला, नाव वहीत लिहून ठेवतो. मी म्हणालो, वही कुणी वाचत नाही. तो म्हणाला, नुसतं 'नवी वाट' लिहू. मी उठलो. त्यानं माझा हात धरून बसवलं. असा अर्धा तास गेला. शेवटी मी तळहात पुढे केला.

"मारा हात, मुकादम. न्हाईतर चहा पाजल्याचं पुण्य घ्या आणि जा."

त्यानं मारला. चहावाल्यासमोर आणि पारनेरहून आलेल्या दोन शेळीवाल्यांसमोर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: जनावरांच्या बाजारात कागद नसतो. हातावर हात पडला की सौदा झाला. नंतर घरी गेल्यावर बायको ओरडली, जनावर लंगडं निघालं, तरी तो फिरत नाही. जो फिरवतो त्याच्याशी पुढे कुणी बोलत नाही. आणि मुकादम काही शहरातला नव्हता. त्याच्या बापानं पारनेरच्या बाजारात जन्मभर शेळ्या विकल्या. मी त्या म्हाताऱ्याच्या हातावर हात मारलेला आहे. सरळ माणूस होता.

दुसऱ्या दिवशी कुत्रीनं त्याला वाट दाखवली. तो धापा टाकत थांबायचा तसा ती पण थांबायची. झऱ्यापाशी तो घसरला, तर मी पुढे जाऊनही ती मागे त्याच्याजवळ उभी राहिली. त्यानं बरोबर आणलेल्या चुन्यानं दगडांवर खुणा केल्या, तिनं जिथे जिथे पाय ठेवला तिथे. वर पोचल्यावर तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, शेठ, हिला सरकारी नोकरीत घ्यायला पाहिजे.

मला शेळ्या घेऊन देशावर जावं लागलं. महिन्यानं परतलो आणि रिकाम्या दिवशी तिला घेऊन बागेत गेलो. मागच्या फाटकाशी फळा होता. रंग ओला असल्यासारखा चकाकत होता. त्यावर मुकादमाच्या वरच्या साहेबाचं नाव आणि पुढे 'पॉइंट'. त्या साहेबाच्या पायाला कारवीचं पानही कधी लागलं नव्हतं. आणि फाटकावर दुसरा लहान फळा: बागेत कुत्री आणू नयेत.

मुकादम वाफ्यात उभा होता. मी तिथूनच ओरडायला सुरुवात केली. बागेतली मोटारवाली माणसं वळून बघायला लागली तसा तो घाईनं जवळ आला. म्हणाला, साहेबाच्या बदलीचं चाललंय, त्यांना खूश ठेवायला लागतं, तुम्ही धंद्याचे माणूस, समजून घ्या. मी म्हणालो, हात मारला होता. त्यावर तो जे बोलला ते मी अक्षरशः लिहितो.

"हात मारला तो मानसाच्या सौद्याला. कुत्रीच्या सौद्याला कोन हात धरून बसतंय?"

मी त्याच्या अंगावर गेलो नाही, याचं कारण एवढंच की त्याच वेळी कुत्री माझ्याजवळ नव्हती. आमचं भांडण अर्धा तास चाललं होतं, आणि ते सुरू होतानाच ती फाटकाखालून तिच्या वाटेला लागली होती. मी तिला शोधत वर बघतो, तर कारवीतून ती बाहेर येत होती आणि तिच्यामागे पुण्याचं एक कुटुंब. बाई, नवरा आणि सासू. वर धुकं उतरलं होतं, चुन्याच्या खुणा दिसेनाशा झाल्या होत्या, आणि ते लोक हिरड्याच्या झाडापाशी अडकून बसले होते. ही त्यांना दहा-दहा पावलं पुढे राहून खाली घेऊन आली होती.

बाई मुकादमाजवळ आली. म्हणाली, वाट दाखवायला कुत्री ठेवलीत हे फार छान केलंत. तुमचीच का ही?

मुकादमानं माझ्याकडे बघितलं नाही. "व्हय," तो म्हणाला. "आमचीच हाय."

नाव द्यायचं नाही, बागेत येऊ द्यायचं नाही, आणि कौतुक झालं की आमची. मी फक्त ओठांचा चंबू करून एकदा शीळ घातली, हळू. कुत्री त्या सगळ्या माणसांमधून सरळ आली, मुकादमाच्या पायाजवळून गेली आणि माझ्या पायावर बसली. पायाशेजारी नव्हे, पायावर. पुण्याची सासू हसली आणि मुकादमाला म्हणाली, तुमची कुत्री दुसऱ्याला चांगली ओळखते हो.

त्या दिवसानंतर आम्ही कधी बागेतून गेलो नाही. ओढ्याकडून वळसा घालून त्या वाटेला लागायचो. पुढे दुष्काळ आला, ओढा आटला, डोंगर करपला, शेळ्या कवडीमोल झाल्या. रिकामा दिवस मात्र आम्ही सोडला नाही. ती सहा वर्षं जगली. गेली ती माझ्या दारात, उन्हाला पाठ देऊन. वरच्या वाडीची माणसं तिला बघायला खाली आली. कुत्रीला बघायला माणसं डोंगर उतरून आली, हे मी पुन्हा कुठे पाहिलं नाही.

पत्र्याचा फळा गंजून गेला. त्याजागी आता सिमेंटचा आहे, साहेबाचं नाव कोरून. वाडीचे लोक तो वाचत नाहीत, ते अजून तिचंच नाव घेतात. पण येणारा-जाणारा वाचतो, आणि त्याला खोटं सांगितलं जातं.

मुकादम, तुम्ही निवृत्त होऊन गावी आलात, मी पण आलोय. पारावरून बाजार दिसतो. चहावाला गेला, पण ते दोघं शेळीवाले जिवंत आहेत आणि दर बाजाराला येतात. येत्या बाजाराला खाली उतरा, त्या दोघांच्या समोर उभे राहा आणि तुमच्या बापाच्या बाजारात मोठ्यानं सांगा: तुम्ही माझ्या हातावर हात मारला होता की नव्हता?