सम तारीख, विषम तारीख

जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत सम तारखेला गाड्या दुकानांच्या बाजूला लावायच्या, विषम तारखेला समोर. माझ्या दुकानासमोर राहणारे काका रोज सकाळी बायकोची बंद स्कूटी ढकलत बाजू बदलायचे. काकू वारल्याला वर्ष झालं होतं. काकांचं नाव मला आजही ठाऊक नाही.

“विकून टाका की,” मी एकदा म्हटलं.

“तिच्या नावावर एक चलान न्हाई,” सीट पुसत ते म्हणाले. “मंग आता मी कसं लागू देऊ?”

एका सकाळी ते फडकं घेऊन पायरीवर नुसतेच बसले होते. मी विचारलं, “आज गाडी न्हाई हलवली?”

“काल एकतीस, आज एक. दोन्ही विषम,” ते म्हणाले. “आज तिचं कायबी काम न्हाई.”