बासरला सोडलेला दोडका

अंदाजपत्रक आलं की परभणीच्या आमच्या कचेरीत दोन दिवस सुतक असायचं. सिगारेटवर कर वाढणार हे ठरलेलं, आणि पानटपरीवाला तर जाहीर व्हायच्या आधीच भाव वाढवून मोकळा व्हायचा. शिवाय डबीवर छापलेला इशारा, की आरोग्याला धोका आहे. सरकारला माझ्या फुप्फुसांची एवढी काळजी, पण हात मात्र माझ्या खिशात. मला राग यायचा, आणि राग आला की मी सिगारेट पेटवायचो.

ऐंशीच्या दशकातल्या अशाच एका चैत्रात कचेरीतल्या एका भल्या माणसानं बातमी आणली. सरहद्दीपलीकडे आंध्रात, बासरला, तीच डबी स्वस्त मिळते. तिकडचा विक्रीकर वेगळा. बासरला सरस्वतीचं देऊळ. आमच्याकडची माणसं लेकरांना पहिलं अक्षर गिरवायला तिथं नेतात. माझी मुलगी पाच वर्षांची झाली होती. मला एकाएकी तिच्या शिक्षणाची फार तळमळ लागली.

"आजवर देवळाची पायरी चढला न्हाईत, आन् आता एकदम बासर?" बायको म्हणाली. पण मनातून लय खूश होती.

मीटरगेजच्या गाडीनं गेलो. उतरल्याबरोबर "नारळ आणतो" म्हणून मी स्टेशनबाहेरच्या दुकानात शिरलो. माझ्या आणि कचेरीतल्या दोस्तांच्या डब्या पिशवीत कोंबल्या, वर मुलीची पाटी ठेवली. नारळ विसरलो.

देवळात पुजाऱ्यानं पाटी मागितली. ती ओढून काढताना एक डबी थेट देवीसमोर पडली. बायकोनं ती उचलली, पदराआडून परत पिशवीत टाकली आणि मुलीचा हात पुजाऱ्याच्या हातात दिला.

तीर्थाला गेलं की आवडीचं काहीतरी खायचं सोडायचं, अशी आमच्याकडची रीत. आमच्या घराण्यातल्या पुरुषांनी आजवर कारलं, शेपू आणि तांबडा भोपळा एवढंच सोडलेलं आहे. मी दोडका सोडला. दोडका मला लहानपणापासून बघवत नाही.

"शिग्रेट सोडली असती तर?"

"पुढच्या खेपेला," मी म्हणालो. "तू काय सोडलंस?"

"सोडलं काहीतरी," म्हणत तिनं चपला पायात घातल्या.

त्यानंतर मी बासरला आणखी दोनदा जाऊन आलो. देवीची ओढच तशी.

पौषात सासुरवाडीला, पेडगावला, हुरड्याचं बोलावणं आलं. हुरडा म्हणजे बायकोचा जीव की प्राण. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिनं माझ्या वाटणीचाही खाल्ला होता. त्या दिवशी ती आगटीजवळ बसून गरम कणसं हातावर चोळत होती, फुंकून भुसा उडवत होती, आणि पानापानावर दाणे वाढत होती. स्वतःच्या तोंडात एक दाणा नाही. मी आगटीतल्याच निखाऱ्यावर सिगारेट पेटवून मजेत बसलो होतो.

"तिचं पोटबिट दुखतंय का?" मी सासूबाईंना विचारलं.

"तसं न्हाई, जावईबापू. हुरडा सोडलाय तिनं बासरला. तुमची शिग्रेट सुटंल तवर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी वर्षं सरकारनं कर लावला आणि मी दर वेळी पळवाट काढली. इथं मात्र भरणारी वेगळीच होती, आणि ती माझ्यासमोर बसून हात भाजून घेत होती. मी हातातली सिगारेट आगटीत टाकली. मग खिशातली डबीही टाकली.

"अहो, हुरड्याला वास लागंल की!" सासरे ओरडले.

मी एक कणीस ओढून घेतलं, माझ्या अडाणी हातानं चोळलं आणि ओंजळ बायकोपुढं धरली. तिनं आगटीतल्या डबीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ओंजळीतले दाणे तिनं मुलीच्या पानावर ओतून घेतले.

"पुढच्या वर्षी खाईन," ती म्हणाली. "दोडका सोडणारा माणूस हाईत तुमी."