अठ्ठेचाळिसावा व्हॉल्व्ह

कोंडीराममामांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. हडपसरच्या पुढचं एक गाव नुकतंच महापालिकेत आलं होतं. त्या गावाच्या जमिनीखालून पाण्याच्या लायनी नेमक्या कुठून जातात, याचा संगणकावर नकाशा करायचं काम पाणीपुरवठा खात्याने माझ्याकडे दिलं होतं. ग्रामपंचायतीकडून आम्हाला मिळालेला नकाशा म्हणजे वहीचं फाडलेलं पान. त्यावर टाकी, देऊळ आणि शाळा काढली होती आणि खाली लिहिलं होतं, 'बाकी कोंडीरामला माहीत.' मी सदाशिव पेठेत वाढलेली इंजिनियर. असल्या कागदावर विश्वास ठेवायची मला सवय नाही.

"तुमच्याकडे लेखी काहीच नाही का?" मी आल्या आल्या विचारलं.

मामांनी व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी जमिनीवर टेकवली. ती माझ्या खांद्याला लागत होती. "मी हाय की," ते म्हणाले.

सातवीनंतर शाळा सुटलेली. मग वीस वर्षं मार्केट यार्डात हमाली. गावात टाकी बांधली तेव्हा ग्रामपंचायतीने त्यांना पाणी सोडायला ठेवलं, त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. रोज पहाटे सायकलच्या दांडीला चावी बांधून निघायचं आणि आळीआळीने सत्तेचाळीस व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे. प्रत्येकाचे आटे, म्हणजे चावी किती वेळा फिरवायची ते, त्यांना तोंडपाठ. "शाळंचा चौदा आट्यांचा. पर नवावर थांबायचं. दहावा आटा दिला की खालच्या आळीत पाइप फुटलाच." जमिनीखालची लाइन कुठून जाते तेही ते पायाने रेघ ओढून दाखवत; मी टॅबवर लिहून घेत असे आणि गुपचूप मशीनने पडताळून पाहत असे. तीन आठवड्यांत ते दोनदा चुकले, दोन्ही वेळा हातभराने. मग मी पडताळणं सोडून दिलं आणि त्यांना मामा म्हणू लागले.

गाव महापालिकेत आलं की तिथले कामगारही महापालिकेत कायम होतात, पण आधी चौकशी होते. यादीत मामांचं नाव होतं. एकोणीस वर्षं तात्पुरता म्हणून राबलेल्या माणसाला पन्नाशी उलटल्यावर कायमची नोकरी मिळणार होती. त्यांच्या बायकोने, मुक्ताईमामींनी, ही बातमी सगळ्या आळीत सांगूनही टाकली होती.

एके दुपारी मी मामांना पुढची योजना समजावून सांगितली. टाकीवर मीटर बसणार, व्हॉल्व्ह ऑफिसातून उघडणार. टाकीतून गेलेलं पाणी आणि लायनीत पोचलेलं पाणी यांत फरक दिसला की संगणक गळती दाखवणार, आणि आमची माणसं जाऊन खणून ती बुजवणार. मामांनी सगळं ऐकून घेतलं. त्या दिवशी त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते मला गावाबाहेर माळावर घेऊन गेले. तिथे चाळी आहेत. कारखान्यांत कामाला आलेली विदर्भातली चौपन्न बिऱ्हाडं. एका बोरीच्या बुडाशी मामांनी शहाबादी फरशी सरकवली. खाली व्हॉल्व्ह होता.

"हा कुणी बसवला?"

"म्या. मच्छिंद्र प्लंबर हुता संगं. अकरा वर्सं झाली. जत्रंला समदं गाव कुस्त्यांच्या फडात, तवा दोन दिसांत उरकलं."

या लोकांची इथे मतं नाहीत म्हणून गावाने त्यांना लाइन दिली नव्हती. चाळींच्या जमिनीतल्या टाकीत आठवड्याला दोन टँकर पडत. तेवढ्यात चौपन्न घरांचं काय होणार? तेव्हापासून मामा रोज वीस मिनिटं त्या टाकीत पाणी सोडत होते आणि गाव समजत होतं की टँकर पुरतोय.

"कुणाचं पाणी कमी केलंत?" मी जरा जोरातच विचारलं.

"सरपंचाच्या गच्चीवरची टाकी रोज भरून वाहायची. म्या तिचं वाहणं तेवढं बंद केलं."

मला हसू आलं आणि लगेच रागही आला. "मामा, चौकशी चालू आहे. हे बाहेर आलं तर यादीतून नाव जाईल तुमचं. मला कशाला सांगितलंत?"

"न सांगून कसं चालंल? तुमची माणसं गळती म्हणून बुजवतील." मग म्हणाले, "मुक्ताईला इचारलं. ती म्हनली, नोकरी गेली तर आपल्या दोघांचं जाईल. पानी गेलं तर चौपन्न घरांचं."

मी टॅब उघडला. अठ्ठेचाळिसावा व्हॉल्व्ह. जागा, व्यास, आटे, सगळं भरलं आणि मंजुरी क्रमांकापाशी अडले. तो रकाना रिकामा ठेवला तर नोंद होतच नव्हती. खोटा आकडा टाकायला एक मिनिट लागलं असतं, आणि खरं सांगते, माझं बोट तिथवर गेलं होतं. पण ज्या माणसाने आपली नोकरी पणाला लावून खरं सांगितलं, त्याच्यासमोर मला ते जमेना.

मी आमच्या रविराज साहेबांकडे गेले. साहेब शब्द मोजून वापरतात. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "ही घरं घरपट्टी भरतात?"

"आता भरतात."

"मग पाणी चोरीचं, की आपण उशिरा पोचलो?" मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "आणि असा हा एकच असेल असं वाटतं तुम्हाला?"

पंधरा दिवसांत त्या रकान्यात एक नवा पर्याय आला: 'विलीनीकरणापूर्वीचा, कागद नाही.' सोबत पत्रक निघालं, की महिनाभरात जो अशी लाइन दाखवेल त्याच्यावर कारवाई होणार नाही. त्या महिन्यात आजूबाजूच्या गावांतून एकतीस व्हॉल्व्ह वर आले. कुणी गोठ्यात लपवलेला, कुणी तुळशीवृंदावनाच्या मागे. आजवर आमच्या फॉर्ममध्ये खऱ्या उत्तराला जागाच नव्हती, आणि आम्ही मात्र गावातली माणसं खोटं बोलतात म्हणून तक्रार करत होतो. माझी मला लाज वाटली.

मामांच्या चौकशीत माजी सरपंचांच्या माणसाने हरकत घेतलीच. शेवटी मामांना दोन कागद मिळाले, एक कायम केल्याचा आदेश आणि एक लेखी समज. मुक्ताईमामींनी दोन्ही एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवापुढे ठेवले.

ऑफिसातून पहिल्यांदा पाणी सोडलं त्या सकाळी आम्ही दोघं माळावर गेलो. वेळेचा मेसेज घरोघर आधीच पोचला होता. ठरल्या वेळी टाकीत पाणी पडायला लागलं. मामा रिकाम्या हातांनी उभे होते. पहिल्या खोलीतल्या उल्काताई बाहेर आल्या. मूळच्या यवतमाळच्या, इथल्या एका कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करतात. त्यांनी माझे हात धरले. "मॅडम, तुमचे लय उपकार झाले."

"व्हय, मशीन चांगलं हाय," मामा लगेच म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "उल्काताई, उपकार माझे नाहीत. अकरा वर्षं तुमच्या टाकीत रोज चोरून पाणी सोडलं ते या माणसाने."

मामा माझ्यावर रागावून काही बोलणार, तेवढ्यात उल्काताई शांतपणे म्हणाल्या, "आमाले ठाऊक हाय."

"कसं काय?" मी विचारलं.

"दोन टँकरचं पाणी आठवडाभर पुरते का, मॅडम? पहाटे सायकल वाजे, मग टाकीत पाणी पडे. समद्या चाळीले ठाऊक होतं. आम्ही ठरवलं होतं, मामाचं नाव कोणी घ्याचं नाही. रस्त्यात भेटले तरी ओळख दाखवाची नाही. लेकराले पण दटावून ठेवलं होतं. आमी आभार मानले असते, तं गावाले समजलं असतं." त्यांनी पदराने डोळे पुसले. "आता सरकारी नकाशात आलं ना हे? मंग आता बोलता येते."

त्या वळल्या आणि एकेका दाराशी जाऊन हाका मारू लागल्या. दारं उघडत गेली. जी माणसं अकरा वर्षं मामांना पाहून मान फिरवून जात होती, ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. एका म्हातारीने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मामा मागे सरले आणि मटकन ओट्यावर बसले. "मला वाटायचं, ही लोकं जरा घमेंडखोर हायती," ते मला हळूच म्हणाले, आणि रडायला लागले.