आवाज बंद ठेवून पाहिलेली लढाई

माझे धाकटे दीर जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना सुखरूप बाहेर काढायचं, हे त्यांचं काम. बायको आधीच गेलेली, पुढे नोकरीही संपली, तेव्हा भाऊजी आमच्याकडे राहायला आले. येताना एक पत्र्याची पेटी आणि टीव्हीवरची एक अवकाशातली मालिका घेऊन आले. माझी शाळा चौथीत सुटली. जहाज पाण्यात चालतं एवढंच मला ठाऊक. पण दर रविवारी दुपारी माझ्या बाहेरच्या खोलीत माणसं जमून आकाशातल्या जहाजांवरून भांडायला लागली, तेव्हा ऐकून ऐकून मीही अर्धी शहाणी झाले.

त्यांचा नियम असा. आठवड्याला एकच भाग पाहायचा, तोही सगळ्यांनी मिळून. घरी चोरून पाहायचा नाही. भाग ऐन रंगात आला की भाऊजी तो थांबवणार, आणि पुढे काय होईल ते प्रत्येकानं सांगायचं. ज्याचं खरं ठरेल त्यानं त्या दिवशीच्या वादाचा निकाल द्यायचा. दोन वर्षं निकाल भाऊजींकडेच होता. कंपाउंडर, मास्तर, पोस्टातल्या बाई, सगळे त्यांना मिस्त्री म्हणत आणि त्यांच्या तोंडाकडे बघत.

मग शिंपीण आली. आली होती पडद्यांची मापं घ्यायला. गळ्यात टेप तशीच ठेवून उभ्या उभ्या भाग पाहिला आणि बसलीच. पुढच्या रविवारी पुन्हा हजर.

तिच्या तिसऱ्या रविवारी मोठ्या लढाईचा भाग होता. भाऊजी म्हणाले, "एकशेवीस जहाजं एका वेळी! ताण म्हणतात तो हा."

"मला तर जांभई आली," शिंपीण म्हणाली.

"जांभई?"

"एवढी जहाजं फुटली, पण एकातही माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं हो. मागच्या खेपेला ती कप्तान बाई बंद दाराला कान लावून उभी होती ना, आत कोण आहे ते कळेना, तेव्हा माझा श्वास अडकला होता."

"वा!" मास्तर म्हणाले. "मिस्त्री, हे बाकी खरं."

भाऊजी पाण्याचं निमित्त काढून स्वयंपाकघरात आले. "वहिनी, लिफ्ट जोरात खाली येते तेव्हा घाबरायला वेळच नसतो. अडकते तेव्हा माणूस घाबरतो. जन्मभर हेच पाहिलं मी! आणि बोलली ती. मी बसलो जहाजं मोजत."

"मग आता सांगा की."

"तिच्यामागून? लोक म्हणतील, तिची री ओढतो."

तिथून जे पोटात दुखायला लागलं ते काही थांबेना. पुढचे तीन रविवार शिंपिणीचं म्हणणं खरं ठरलं, तीन वेळा निकाल तिनं दिला. भाऊजींना तिचं हसणं मोठं वाटू लागलं, तिच्या चपला दारात आडव्या वाटू लागल्या. तिनं शिवलेल्या पडद्याची शिवण त्यांनी चष्मा लावून तपासली. ती सरळ निघाली, त्याचाही राग आला.

एका शुक्रवारी दुपारी मी मटार सोलत होते. बाहेरच्या खोलीत चिडीचूप. वाटलं, भाऊजींचा डोळा लागला. बघते तर टीव्ही चालू, आवाज बंद, आणि भाऊजी टीव्हीच्या काचेला नाक लावून बसलेले. मी मुकाट्यानं मटाराकडे परतले. घरातल्या माणसाची चोरी घरातल्यानंच कुठे धरायची?

रविवारी भाग थांबला तेव्हा शत्रू जवळ आला होता आणि कप्तान बाई एकटीच उभी होती. भाऊजी खाकरले. "ती हिरवा कोट काढणार. डाव्या हातानं तांबडा खटका ओढणार. पांढरा उजेड होणार, तिच्या भावाचं जहाज फुटणार, आणि ती भिंतीला टेकून रडणार. भाऊ मेला."

पुढे चालू केलं. कोट निघाला. डावा हात, तांबडा खटका, पांढरा उजेड, सगळं तसंच. बाई भिंतीला टेकून रडायला लागली, आणि तेवढ्यात रेडिओतून भावाचा आवाज आला: "ताई, रडतेस कशाला? मी आधीच छोट्या होडीतून निघालो. दार उघड!"

भाग तिथंच संपला. भाऊ वाचेल असं एकटी शिंपीणच म्हणाली होती. कंपाउंडर म्हणाला, "मिस्त्री, कोटाचा रंग कळला, आणि माणूस जिवंत आहे ते नाही कळलं?"

शिंपिणीनं भाऊजींकडे टक लावून पाहिलं. "आवाज बंद ठेवून पाहिलंत का हो?"

"अवकाशात आवाज नसतो ना, म्हणून!" मास्तर म्हणाले, आणि हशा उसळला. भाऊजी दोन वर्षं सगळ्यांना तेच शिकवत होते. मी चहाचा ट्रे घट्ट धरला.

भाऊजींचं तोंड पार उतरलं. त्यांनी उठून रिमोट शिंपिणीपुढे धरला. "घ्या. चालवा तुम्हीच."

तिनं हात पुढे केला नाही. "ते राहू द्या. आम्हाला निदान त्याचा आवाज आला. तुम्हाला तर तो मेलाच वाटला. तेव्हापासून दिवस कसे काढलेत?"

भाऊजींनी रिमोट टीव्हीशेजारी ठेवला. मग खाली बसले. "एकदा असंच झालं होतं. लिफ्ट मध्येच अडकलेली, आत एक बाई. आधी बोलत होती, मग एकदम गप्प. मी दाराला कान लावून हाका मारतोय. उत्तर नाही. दार उचकटायला वीस मिनिटं लागली. वीस मिनिटं माझ्या लेखी ती मेलेली होती."

"आणि?" पोस्टातल्या बाईंच्या हातातला कप तसाच.

"दार उघडलं तर बसलीय आपली पर्स मांडीवर घेऊन. म्हणे, तुम्ही उशिरा आलात, म्हणून मी तुमच्याशी बोलत नव्हते!"

हसून हसून मास्तरांना ठसका लागला. शिंपिणीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आजचा निकाल झाला. ताण म्हणजे ही वीस मिनिटं. मालिका गेली खड्ड्यात."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जाताना कंपाउंडरनं भाऊजींच्या पाठीवर थाप मारली.

दार लावून मी म्हटलं, "झालं ना मनासारखं? किती चांगलं बोलली तुमच्याबद्दल."

भाऊजी रिकामे कप गोळा करत होते. "बोलली चांगलं," ते म्हणाले. "पण वहिनी, पाहिलंत ना? निकाल दिला तिनंच."