पोकळ ठिपके

कामोठ्यात आमच्या क्लासखाली एका माणसाचं झेरॉक्सचं दुकान होतं. मी बारावीला होतो आणि मला त्याच्या संथपणाचा भयंकर राग यायचा. सरांच्या नोट्समध्ये एक आलेख होता. आधी संख्या खालच्या पूर्णांकावर उतरवायची, मग मॉड लावून तिचं उणे चिन्ह पुसायचं. कागदावर शून्याच्या दोन्ही बाजूंना चढत जाणाऱ्या पायऱ्या उमटायच्या. प्रत्येक पायरीच्या डाव्या टोकाला भरीव ठिपका, उजव्या टोकाला पोकळ. मशीन जुनं, त्यामुळे पोकळ ठिपकेही काळे भरून यायचे. मग हा ब्लेडच्या टोकानं एकेक खरवडायचा आणि वर फुंकर मारायचा.

"काका, राहू द्या ना! क्लास सुरू झाला," मी एकदा चिडून म्हणालो.

"असा नाय देनार. भरला तर चुकीचा व्हतो."

"तुम्हाला गणित येतं?"

"नाय. माजी पोर सांगायची. म्हनायची, बाबा, पोकळ ठिपका म्हंजे रेघ तिथवर जाते, पन पोचत नाय."

"कुठल्या कॉलेजला आहे ती?"

"बारावीच्या पयल्या पेपराला निघाली व्हती," तो म्हणाला. "हायवेपर्यंत गेली."

ब्लेड पुन्हा कागदावर टेकलं. पानावर अजून सात ठिपके राहिले होते. मी उभा राहिलो.