पप्पांच्या पिंडाला कावळा शिवला नाही

आज गोदाघाटावर पप्पांचा दहावा होता. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. समोरच्या भिंतीवर बसून नुसता बघत होता.

काका म्हणाले, "काहीतरी इच्छा राहिली असेल त्यांची. बोल तू."

मी हात जोडले. "पप्पा, मम्मीला सांभाळीन. पल्लवीचं लग्न नीट करून देईन." कावळा हलला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

परत येताना रिक्षात धाकटी बहीण पल्लवी म्हणाली, "दादा, तुझ्या इंग्लिश सिरीजमध्ये माणूस जाताना हॉस्पिटलच्या बेडवर सगळं बोलून जातो. माझ्या जपानी ॲनिमेत कोणी काही बोलत नाही. तो रोज बसायचा ती जागा दाखवतात फक्त, आणि आपल्याला कळतं."

पप्पा अंबडच्या एमआयडीसीतून ड्युटी करून आले की गॅलरीत एकटेच बसायचे, पार अंधार पडेपर्यंत. आम्ही दोघं आतल्या खोलीत आपापल्या मोबाईलवर कुणाच्या तरी मरणावर रडत असायचो.

त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आम्ही कधी बाहेर जाऊन बघितलं नाही.

तुम्हाला उद्या त्या कावळ्यासमोर उभं केलं, तर काय बोलाल?